साइन कोणी करेना, मग कंपनीच काढली!

न्यूयॉर्कमधल्या २६ वर्षांच्या एका रॅपरला एकही म्युझिक कंपनी दारात उभं करत नव्हती. त्याने दोन मित्रांना सोबत घेतलं, स्वतःचं लेबल सुरू केलं आणि २५ जून १९९६ला पहिला अल्बम आणला. जे-झीच्या ‘रीझनेबल डाऊट’ची ही गोष्ट. यात गाणी आहेतच, पण ती गाणी नक्की कोणाची, हा घोळही आहे.

जे-झी म्हटलं की आज आपल्याला काय आठवतं? बियॉन्सेचा नवरा. अब्जाधीश. किंवा वरातीत हमखास वाजणारं पंजाबी एमसीचं ‘मुंडियां तो बच के’, त्याच्या २००३च्या रिमिक्समध्ये मध्येच इंग्रजीत सुरू होणारा तो आवाज. नाचताना तो कोणाचा आहे हे कोणी विचारत नाही. तर तो हाच.

पण १९९६च्या सुरुवातीला या माणसाकडे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. वय २६. ऐकायला तरुण वाटतं, पण रॅपमध्ये हे वय उशिराचं. दोनच वर्षं आधी, १९९४ला, नासचा ‘इलमॅटिक’ आला तेव्हा नास २० वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘रेडी टू डाय’ आणणारा नोटोरियस बी.आय.जी. म्हणजे बिगी, २२ वर्षांचा. (माझ्याच वयाचा. मी आत्ता इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळण्याची वाट बघतेय. असो.) हे दोघं न्यूयॉर्कचे हिरो झाले होते आणि शॉन कार्टर नावाचा हा मुलगा अजून दुसऱ्यांच्या गाण्यांत दोन-चार ओळी म्हणून जात होता.

शॉनचं घर ब्रुकलिनमधल्या मार्सी हाउसेसमध्ये. ही सरकारी वसाहत, १९४९मध्ये बांधलेली. सहा मजली २७ इमारती, सुमारे १,७०० घरं. मुंबईकरांनी म्हाडाची एखादी जुनी वसाहत डोळ्यांसमोर आणा आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर ड्रग्ज विकणारी पोरं उभी करा. १९८०च्या दशकात क्रॅक नावाचं स्वस्त कोकेन अशा वस्त्यांमध्ये शिरलं आणि सगळं बदललं. वडील घर सोडून गेलेले. आईने त्याला गाणी ऐकायला बूमबॉक्स आणून दिला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेका धरून तो वहीत ओळी लिहायचा. पुढे शाळा अर्धवट सुटली आणि तो क्रॅक विकायला लागला.

हे मी ‘वाईट संगतीला लागला’ छाप एका वाक्यात उरकू शकले असते. पण हा सगळा अल्बमच त्या वर्षांबद्दल आहे, त्यामुळे एक आकडा सांगायलाच हवा. अमेरिकेत १९८६ला आलेल्या कायद्यानुसार विक्रीसाठीचं फक्त ५ ग्रॅम क्रॅक सापडलं तर किमान पाच वर्षांचा तुरुंगवास. पाच ग्रॅम म्हणजे चहात घालतो ती चमचाभर साखर. तीच शिक्षा पावडर कोकेनसाठी ५०० ग्रॅमला. पावडर श्रीमंतांच्या पार्ट्यांमध्ये, क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांमध्ये. हे शंभरपट अंतर कमी करायला २०१० साल उजाडावं लागलं. म्हणजे शॉन कार्टर कोपऱ्यावर उभा होता तेव्हा त्याच्या खिशातल्या पुडीला पाच वर्षांचा भाव होता.

गुरूची फजिती

त्याला रॅपमध्ये आणलं जॅझ-ओ नावाच्या सीनिअरने. तोही मार्सीचाच. जॅझ-ओला १९८०च्या दशकाच्या शेवटी बड्या ईएमआय कंपनीने साइन केलं, लंडनला रेकॉर्डिंगला नेलं. शॉनही सोबत गेला. आता भाऊ मोठा होणार, असं सगळ्यांना वाटत होतं. कंपनीने त्याचं ‘हवाईयन सोफी’ नावाचं एक गमतीदार, हलकंफुलकं गाणं पुढे केलं. ते आपटलं. आणि कंपनीचा जॅझ-ओमधला इंटरेस्टही संपला.

शॉन हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. लेबल तुम्हाला उचलतं, तुमचं गाणं ठरवतं, आणि ते चाललं नाही तर तुम्हाला खाली ठेवून निघून जातं. तो पुन्हा धंद्यावर गेला. पुढची काही वर्षं एक पाय रस्त्यावर, एक पाय स्टुडिओत. डीजे क्लार्क केंट नावाचा एक माणूस मात्र त्याच्या मागेच लागला होता, ‘तू रॅप सोडू नकोस’ म्हणून. त्यानेच शॉनची गाठ हार्लेममधल्या डेमन डॅशशी घालून दिली. डॅश म्हणजे बोलबच्चन माणूस, कोणालाही काहीही विकेल असा. तिसरा करीम ‘बिग्ज’ बर्क, शांत, मागे राहणारा. डॅश टेप घेऊन कंपन्यांच्या ऑफिसांमध्ये फिरला. सगळीकडून नकार.

मग तिघांनी स्वतःचं लेबल काढलं. नाव ठेवलं रॉक-अ-फेला. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांपैकी एक म्हणजे रॉकफेलर. खिशात फार काही नसताना कंपनीला ‘टाटा-बिरला’ नाव ठेवावं, तसला हा प्रकार! सुरुवातीला सिंगल छापून गाडीच्या डिकीतून विकणं, क्लबच्या डीजेंच्या हातात रेकॉर्ड नेऊन देणं, असं सगळं त्यांनी केलं.

इथे जरा थांबू. ‘इंडिपेंडंट आर्टिस्ट’ हा शब्द आपल्या इन्स्टा बायोमध्ये फार स्वस्त झालाय. लेबल नाही म्हणजे इंडिपेंडंट, एवढाच आपला अर्थ. पण स्टुडिओचं भाडं, रेकॉर्ड छापणं, व्हिडिओ, गाड्या, कपडे, हे सगळं लेबल देत नसेल तर कोणीतरी देतंच. इथे ते पैसे रस्त्यावरून आले. जे-झीने हे कधी लपवलं नाही. त्याच्या वस्तीतल्याच कोणाच्या तरी व्यसनावर हा अल्बम उभा राहिला, हे त्याला माहीत होतं. ऐकणाऱ्यालाही ते विसरता येत नाही, कारण गाण्यागाण्यांत तो तेच सांगतो.

संशयाचा फायदा

अल्बमचं नाव कोर्टातलं. लॉच्या मित्रांना ‘बियॉन्ड रीझनेबल डाऊट’ पाठ असेल. बाकीच्यांनी मराठी पेपरातली कोर्टाची बातमी आठवा: ‘संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता’. आरोपीने गुन्हा केलाच नाही, असं ते वाक्य म्हणत नाही. पुरावा कमी पडला, एवढंच म्हणतं. जे-झीने हे नाव विचार करून ठेवलंय असं मला वाटतं. १४ गाण्यांमध्ये तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. कधी वकिलासारखा, कधी साक्षीदारासारखा.

सुरुवात फुशारकीने होते. ‘स्कारफेस’ सिनेमातल्या संवादाची नक्कल, मग मेरी जे. ब्लायजचा आवाज. पैसा, गाड्या, शॅम्पेन. पहिल्या दोन-तीन गाण्यांत वाटतं, हां, हे तेच, सगळे रॅपर करतात ते. मुखपृष्ठावरही तोच थाट. जोनाथन मॅनियन या तरुण फोटोग्राफरचं हे पहिलंच अल्बम कव्हर. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, सूट, डोळ्यांवर ओढलेली हॅट, बोटांत सिगार. जुन्या सिनेमातला माफिया डॉनच. चेहरा नीट दिसतच नाही.

पण ऐकत राहिलं की हळूहळू खालचं काहीतरी दिसायला लागतं. ‘डेव्हिल्स’ हे गाणं घ्या. लहानपणी एकत्र वाढलेले दोन मित्र पैशापायी एकमेकांच्या जिवावर उठतात. गाण्यातला ‘मी’ मित्राचा पत्ता काढण्यासाठी त्याच्या मुलाच्या आईला पळवून आणतो आणि नोटा कोंबून कोंबून तिला बोलतं करतो. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना मला ते नीट कळलं आणि मी हेडफोन काढून ठेवला होता. गाणं ओरडत नाही. आवाज चढत नाही. एखादा माणूस शेजारी बसून हळू आवाजात गुन्हा कबूल करतोय, असं ते वाटतं. त्याला दिलेलं डीजे प्रीमिअरचं संगीतही तसंच, सुरेल पण कुठेतरी सडलेलं.

‘फ्रेंड ऑर फो’ दोन मिनिटांचंही नाही. दुसऱ्या गावात धंदा करायला आलेल्या नवख्या पोराला तो अतिशय सभ्यपणे समजावतो की बाबा रे, इथून निघ. शब्द सगळे गोड, अर्थ सगळा धमकीचा. आपल्याकडे गल्लीतले ‘दादा’ लोक ज्या नम्रपणे ‘काय म्हणताय, सगळं बरंय ना?’ विचारतात, तो सूर ज्यांना माहितीये त्यांना हे गाणं भाषांतराशिवाय कळेल. ‘कमिंग ऑफ एज’मध्ये मोठा धंदेवाला एका कोवळ्या पोराला हाताशी धरतो. त्या पोराचा आवाज मेम्फिस ब्लीकचा, तोही मार्सीतला, तेव्हा खरंच टीनएजर. दोघांचा संवाद ऐकताना जॉब इंटरव्ह्यू चाललाय असं वाटतं. पोरगा उत्साहात आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्याचं पुढे काय होणार हे दिसत असतं.

आणि शेवटचं गाणं ‘रिग्रेट्स’. पश्चात्ताप. गाड्या आणि शॅम्पेनने सुरू झालेला अल्बम इथे येऊन थांबतो.

मला विचाराल तर हा अल्बम गुन्हेगारीचं कौतुक करतो की तिच्यावर टीका करतो, या वादाला उत्तर नाही. दोन्ही आहे. त्याला पैसा हवाय आणि तो पैसा कुठून येतोय याची लाजही आहे. तो कोणतीच बाजू खोडत नाही. एक गोष्ट मात्र माझ्याच्याने डोळ्यांआड करवत नाही: बायकांबद्दल हा अल्बम जे बोलतो ते तेव्हाही खटकणारं होतं, आजही आहे. फॉक्सी ब्राउनसोबतचं एक गाणं तर असं की त्याचं नावही इथे छापता येणार नाही. फॉक्सी त्यात त्याला तोडीस तोड उत्तर देते हे खरं, म्हणून ते ऐकवतं तरी. आणि गंमत बघा, अल्बम गाजला तो याच गाण्यामुळे.

वही नाही, पेन नाही

शब्दांच्या खेळाबद्दल न बोलता जे-झीबद्दल लिहिणं म्हणजे सचिनबद्दल लिहून स्ट्रेट ड्राइव्ह गाळण्यासारखं. ‘२२ टूज’ या गाण्याच्या पहिल्या कडव्यात तो इंग्रजीतल्या ‘टू’ या उच्चाराचे सगळे अर्थ, म्हणजे दोन, सुद्धा, -ला, असे २२ वेळा वापरतो, आणि अर्थ कुठेही तुटत नाही. दहावीला आपण श्लेष अलंकार दोन मार्कांसाठी पाठ केला ना, तोच हा. मराठीत ‘कर’ घ्या. हात म्हणजे कर, टॅक्स म्हणजे कर, आणि आई म्हणते ‘अभ्यास कर’ तोही कर. आता हा शब्द एका कडव्यात २२ वेळा बसवून दाखवा. फेस्टच्या रॅप बॅटलवाल्यांना ओपन चॅलेंज.

हे सगळं तो लिहून काढत नाही, हा त्यातला मोठा भाग. रस्त्यावर उभं असताना वही जवळ नसायची. ओळ सुचली की दुकानातून कागदी पिशवी घ्यायची, तिच्यावर लिहायची, खिशात कोंबायची. मग तेही जमेना, म्हणून डोक्यातच साठवायला लागला. ती सवय कायमची झाली. बिगीही तसाच, न लिहिणारा. ‘ब्रुकलिन्स फायनेस्ट’साठी दोघं स्टुडिओत समोरासमोर आले तेव्हाचा किस्सा आजही सांगितला जातो: टेबलावर वही-पेन ठेवलं होतं, एकाने ते दुसऱ्याकडे सरकवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे, आणि तेव्हा दोघांना कळलं की समोरचाही आपल्यासारखाच आहे. खरं-खोटं तेच जाणोत, पण गाणं ऐकलं की पटतं. दोन भिडू एकमेकांच्या ओळी वरच्यावर झेलत जातात. हा अल्बम आल्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ९ मार्च १९९७ला, बिगीचा लॉस एंजेलिसमध्ये खून झाला.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं प्रत्येक फेस्टिव्हलला कोणीतरी माइकवरून सांगतंच. मला ते कधी फारसं पटलं नाही. ‘रीझनेबल डाऊट’ ऐकताना मला आठवला तो नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. तोही पहिला संग्रह, १९७२चा. कामाठीपुऱ्याची भाषा जशीच्या तशी कवितेत आली आणि सदाशिव पेठेपासून शिवाजी पार्कापर्यंतचे वाचक गडबडले. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले अनेक शब्द विचारून घ्यावे लागले होते. वस्तीबाहेरच्या माणसाला कळावं म्हणून ढसाळांनी भाषा धुऊन घेतली नाही. जे-झीनेही नाही. त्याच्या गाण्यांत ब्रुकलिनची इतकी गुंतलेली बोली आहे की २०१०ला त्याने ‘डीकोडेड’ नावाचं पुस्तक काढलं आणि आपल्याच ओळींना तळटीपा दिल्या. इंग्रजी मीडियमवाल्यांनीही ते पुस्तक बाजूला ठेवून ऐकावं. मी तेच करते.

रेकॉर्डिंगचा बराच भाग मॅनहॅटनच्या डी अँड डी स्टुडिओतला. संगीतकारांनी जुन्या सोल आणि जॅझच्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून ठेके बांधले: ‘कॅन आय लिव्ह’मध्ये आयझॅक हेजचे ब्रास, ‘फीलिन’ इट’मध्ये अहमद जमालचा पियानो. आपण रात्री होस्टेलच्या गच्चीवर ऐकतो त्या लो-फाय प्लेलिस्टची ही आजोबा मंडळी.

तेविसावा नंबर

अल्बम आला आणि लगेच जग जिंकलं? छे. बिलबोर्डच्या यादीत तो २३व्या नंबरापर्यंत पोहोचला. आठवड्यानंतर, २ जुलैला, नासचा दुसरा अल्बम आला आणि थेट पहिल्या नंबरावर गेला. जे-झीची विक्री वर्षअखेरीस चार लाखांच्या आसपास. नव्या लेबलसाठी वाईट नव्हे, पण ‘न्यूयॉर्कचा राजा’ वगैरे म्हणावं असं अजिबात नाही. दहा लाखांचा प्लॅटिनम टप्पा गाठला तो २००२ला, तोपर्यंत त्याचे बाकीचे अल्बम धडाधड हिट झालेले होते. पहिला अल्बम लोकांनी मागाहून, उलट जाऊन ऐकला.

आणि हो, ‘स्वतंत्र’ अल्बमही पूर्ण स्वतंत्र नव्हताच. देशभरातल्या दुकानांमध्ये रेकॉर्ड पोहोचवायला रॉक-अ-फेलाकडे यंत्रणा नव्हती. ते काम फ्रीझ आणि प्रायॉरिटी या कंपन्यांमार्फत झालं. फरक एवढाच की या तिघांनी वितरण दिलं, मालकी दिली नाही.

हा फरक आपल्याकडे किती जणांना माहितीये? आमच्याच बॅचमधला एक जण रॅप करतो. यूट्यूबवरून ‘फ्री बीट’ उचलायची, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, एखाद्या डिस्ट्रिब्युशन अ‍ॅपवरून स्पॉटिफायवर टाकायचं. (नेझीने २०१४ला ‘आफत’ आयपॅडवर केलं होतं, त्यामुळे साधनांवरून कोणी हिणवू नये.) त्याला विचारलं, बीट खरंच फ्री होती का, खाली काय लिहिलं होतं? तो म्हणाला, ‘कोण वाचतं गं ते!’ बहुतेक ‘फ्री’ बीट पैसे न कमावण्याच्या अटीवरच फ्री असतात. गाणं व्हायरल झालं की बीटवाला दारात.

तर थोडक्यात सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, ज्याला ‘मास्टर’ म्हणतात. डिस्ट्रिब्युटर साधारणपणे फी किंवा कमाईतला वाटा घेतो, मास्टर तुमचंच राहतं. लेबल अ‍ॅडव्हान्स देतं तेव्हा बहुतेकदा मास्टर मागतं. भारतात २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारात काढून घेता येत नाही, जावेद अख्तरांनी त्यासाठी संसदेपर्यंत भांडण नेलं होतं. रॅपर स्वतःचे शब्द स्वतः लिहितो, म्हणजे तो गीतकारच. त्याला आयपीआरएसचं सभासद होता येतं. मास्टरचं मात्र तसं नाही. ते सही केली की गेलं.

एका अल्बमचे किती मालक?

‘रीझनेबल डाऊट’चं मास्टर रॉक-अ-फेलाचं, आणि रॉक-अ-फेला तिघांची. एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश. दोस्तीत हिशोब सोपा असतो.

१९९७ला डेफ जॅम या मोठ्या कंपनीने दीड दशलक्ष डॉलर्स देऊन रॉक-अ-फेलासोबत अर्धी भागीदारी घेतली. म्हणजे ज्यांनी दारात उभं केलं नव्हतं, ते आता चेक घेऊन आले. मग हिटवर हिट. मग पैसा. आणि मग, अगदी ‘डेव्हिल्स’मधल्यासारखं, मित्रांमध्ये बेबनाव. २००४ला उरलेला हिस्साही डेफ जॅमने घेतला आणि जे-झी थेट डेफ जॅमचा अध्यक्ष झाला. डॅश आणि बिग्ज बाहेर. जे-झीने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की वेगळं होताना त्याने एक प्रस्ताव ठेवला होता: रॉक-अ-फेलाचं नाव तुम्ही ठेवा, मला फक्त ‘रीझनेबल डाऊट’ द्या. मित्र नाही म्हणाले. बाकी सगळे अल्बम जास्त खपले होते, पण त्याला हवा होता तो हाच.

इतर अल्बमच्या मास्टरचं पुढे काहीतरी जमलं. पहिला मात्र त्या जुन्या तिघांच्या कंपनीतच अडकून राहिला. जून २०२१मध्ये डेमन डॅशने या अल्बमवर एनएफटी विकायचा घाट घातला आणि रॉक-अ-फेलाने त्याच्यावर केस केली. मुद्दा असा की कंपनीतला एक तृतीयांश हिस्सा तुझा आहे, अल्बमचा नाही. पुढच्या वर्षी समेट झाला तोही याच धर्तीवर: डॅशला आपला हिस्सा विकता येईल, अल्बम विकता येणार नाही. वाटणीच्या वादात आजोबांचं घर अडकतं ना, तसं. सातबाऱ्यावर नावं तिघांची, आणि राहायला कोणीच जाऊ शकत नाही.

मग वेगळ्याच एका खटल्यातलं देणं चुकवण्यासाठी कोर्टाने डॅशचा हिस्सा लिलावात काढला. नोव्हेंबर २०२४ला लिलाव झाला. बोली लावली न्यूयॉर्क राज्य सरकारने, थकलेल्या करांसाठी, दहा लाख डॉलर्सची. वर ‘कर’ शब्दावर कोटी केली होती, तेव्हा हे ठरवून केलं नव्हतं! ज्या राज्याचे पोलीस एकेकाळी शॉन कार्टरला कोपऱ्यावर शोधत असतील, तेच राज्य त्याच्या पहिल्या अल्बमच्या मालक कंपनीत भागीदार झालं.

त्याच्या एक वर्ष आधी, जुलै २०२३मध्ये, ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जे-झीवर मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्याच्या अल्बमची चित्रं असलेली १३ वेगवेगळी लायब्ररी कार्डं काढली. मार्सीच्या पोरांनी रांगा लावून ती घेतली असतील असं मला वाटायला आवडतं.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे. कलाकाराने हक्क दुसऱ्याला दिले असतील तर ३५ वर्षांनी, आधी नोटीस देऊन, ते परत मागता येतात. जे-झीकडून तशी नोटीस गेल्याचं लिलावाच्या वेळच्या बातम्यांमध्ये आलं होतं. १९९६ अधिक ३५ म्हणजे २०३१. शॉन कार्टर तेव्हा ६१ वर्षांचा असेल.